रिकामा घाडी

माझ्या वडिलांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि सगळा गाव त्यांच्यासमोर हात जोडून उभा होता.

पौषातली दुपार होती, आणि त्या दिवशी गावची राखण होती, म्हणजे राखणदार देवाची वर्षाची पूजा. उन्हातसुद्धा वाऱ्याला गारवा होता आणि दुसऱ्या कुणाच्या अंगावर घामाचा थेंब नव्हता. बाबांचे मात्र हात थरथरत होते, मान एका बाजूला कलंडली होती, आणि डोळे उघडे असूनही ते कुणाकडेच बघत नव्हते. गावचे पहिले मानकरी भिकाजी गावकर कमरेत वाकून त्यांच्यापुढं गेले.

"बोल म्हाराजा," गावकर म्हणाले. "कोण तू? काय होया तुका?"

बाबांचे ओठ हलले. "चपलो," ते पुटपुटले. "माझ्यो चपलो खंय गेल्यो?"

"चपलो मागता! राखणदार चपलो मागता!" गर्दीत एकच कल्लोळ उडाला.

आमच्या गावाचा राखणदार शिवेवरून फिरत असतो आणि फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, असं गावात सगळे मानतात. त्यामुळं ती मागणी लोकांना अगदी देवाच्या तोंडी शोभणारी वाटली. खरं म्हणजे बाबांनी सकाळी स्वतःच्या चपला फणसाखाली काढून ठेवल्या होत्या, आणि त्या कुठं ठेवल्या तेच त्यांना त्या घडीला आठवत नव्हतं.

आम्ही बायका गडग्याबाहेर होतो. राखणीच्या जागेभोवती कमरेएवढा दगडी गडगा आहे आणि त्याच्या आत बाईनं पाऊल ठेवायचं नाही असा रिवाज. आईनं माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि ती हमसून हमसून रडत होती.

"इलो गो बाय," ती म्हणत होती. "एकदाचो इलो."

तिचं रडणं उगाच नव्हतं. आमचं घराणं घाड्याचं. घाडी म्हणजे गावाच्या वतीनं देवाशी बोलणारा माणूस. माझ्या आजोबांच्या अंगात अवसर यायचा, म्हणजे राखणदार त्यांच्या तोंडून बोलायचा. भाऊबंदकीची भांडणं, हरवलेली गुरं, अडलेली लग्नं, सगळं त्यांच्यापुढं यायचं. आजोबांमागून मान बाबांकडं आला, पण अवसर काही आला नाही. बाबा वर्षानुवर्षं राखणदाराच्या पाषाणापुढं उभे राहिले, नदीपलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात गाऱ्हाणं घालत राहिले, पण त्यांच्या अंगावरचा केससुद्धा हलला नाही. गावानं त्यांचं नाव ठेवलं रिकामो घाडी. कौल घ्यायला लोक शेजारच्या गावच्या घाड्याकडं जाऊ लागले. जाताना आमच्याच दारावरून जायचे, वर बाबांना विचारायचे, "काय विश्रामकाकानू, बरे आसात?"

बाबा कधी कुणाला उलट बोलले नाहीत. उलट बोलायचं काम माझ्याकडं होतं आणि मी ते शाळेपासून मनापासून केलं. एका पोरीचा दात पाडला होता मी त्या नावावरून.

तर त्या दुपारी हे सगळं पुसलं जात होतं. क्षणभर माझ्याही अंगावर काटा आला. का येऊ नये? माझा बाप गावासमोर उभा होता आणि ज्यांनी त्याला रिकामा म्हटलं ते त्याच्या पायांकडं बघत होते. मग माझं लक्ष बाबांच्या सदऱ्याकडं गेलं. पाठीला चिकटून तो पार ओला झाला होता, आणि हा घाम मी आधी पाहिलेला होता.

गणपतीनंतर बाबांना साखरेचा आजार निघाला होता. तालुक्याच्या गावी पिंगुळकर डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी सकाळची गोळी लावून दिली. "गोळी घेतली की वेळेवर खायचं," त्यांनी बजावलं होतं. "नाही खाल्लं तर साखर एकदम उतरते. घाम येतो, हातपाय कापतात, माणूस भलतंच बोलायला लागतो. लोकांना वाटतं प्यायलाय." आणि मग विचारलं होतं, "दारू घेता का?"

"छे छे," बाबा म्हणाले होते. "थेंब नाय."

ते खोटं बोलत नव्हते. लग्नाकार्यात कुणी पेला पुढं केला तर बाबा तिथून उठून जायचे. पण राखणीच्या दिवशी काजूच्या दारूची पहिली करवंटी पाषाणावर ओतायची आणि दुसरी घाड्यानं उपाशीपोटी, एका दमात, राखणदाराच्या सोबतीनं प्यायची. तिला आमच्याकडं कुणी दारू म्हणत नाही. ते तीर्थ. बाबांनी त्या सकाळी गोळी घेतली, कारण डॉक्टरीणबाईंनी चुकवू नका म्हटलं होतं. उपास केला, कारण घाड्यानं तो करायचाच. आणि करवंटी रिकामी केली, कारण त्यांच्या बापानं आणि आज्यानं ती केली होती. तिन्ही कामं त्यांनी अगदी चोख केली.

महिन्याभरापूर्वी भाताच्या गिरणीत रांगेत बसून त्यांचं जेवण लांबलं होतं. तेव्हा असाच घाम आला होता आणि त्यांनी मलाच, स्वतःच्या मुलीला, विचारलं होतं, "तू कोणाचा गो चेडू?" शेजारच्या दुकानातून पेपरमिंटच्या गोळ्या आणून चघळायला दिल्या, तेव्हा ते माणसात आले होते.

"आये," मी म्हटलं, "ह्यो अवसर न्हय. बाबांची साखर उतरली हा."

"गप गो!" आईनं माझं मनगट आणखी दाबलं. "आज तरी गप रव."

मी मनगट सोडवून घेतलं, साडी खोचली आणि गडगा ओलांडला. मागं बायकांचा आवाज एकदम बंद झाला आणि पुढं बाप्यांचा सुरू झाला.

"गो कला! भायर हो!" गावकर ओरडले. "बायलमाणसान हय पाय ठेवचो नाय!"

"गावकारकाकानू, तेंका गूळ होयो. आत्ताच्या आत्ता."

"देव आसा तो! देवाक हात लावतंस?"

"देव आसा ना? मगे गूळ खातलो," मी म्हटलं. "देवाक गूळ वर्ज आसा काय? तसा कोणी सांगून ठेवलेला आसात तर सांगा, मी जातंय भायर."

गावकर अडकले. बाईनं काय करू नये याचा रिवाज त्यांना तोंडपाठ होता, पण राखणदारानं गूळ खाऊ नये असं कुणीच कधी सांगून ठेवलं नव्हतं. ते मिशी चावत उभे राहिले तेवढ्यात मी पाषाणापुढच्या ताटातला गूळ उचलला, शहाळ्याच्या पाण्यात चुरला आणि बाबांजवळ बसले. त्यांचा हात हातात घेतला तर बर्फासारखा थंड.

"बाबा, गिळा. गिळतास ना? गिळा."

आधी त्यांनी तोंड फिरवलं. मग माझं बोट चावलं. मी थोडं थोडं घालत राहिले आणि प्रत्येक घोटाला त्यांचा कंठ हलतो की नाही ते बघत राहिले, कारण शुद्ध गेलेल्या माणसाच्या तोंडात काही घालू नये हेही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. कंठ हलत होता. ते गेले तर गाव म्हणणार होता की बाईनं हात लावला म्हणून देव कोपला, आणि आई जन्मभर तेच मानणार होती. पण खरं सांगते, त्या वेळी मला गावाची भीती नव्हती. माझा बाप माझ्याकडं बघून मला ओळखत नव्हता, तेवढीच एक भीती होती.

हळूहळू थरथर कमी झाली. बाबांनी डोळे मिचकावले, माझ्याकडं बघितलं, मग आजूबाजूला बघितलं.

"कला? तू हय कित्या इलंस? गावकार रागावतले मगे."

"अवसर उतरलो!" गावकरांनी हात वर केले. "चेडवाच्या हातचो गूळ खाऊन राखणदार शांत झालो!"

घ्या! मी जीव मुठीत धरून बाप वाचवला आणि तोही चमत्कारातच जमा झाला. पण तेव्हा वाद घालायला वेळ नव्हता. "रिक्षा बोलवा," मी एवढंच म्हटलं. गाव म्हणत होता, आता कशाला रिक्षा? मी कुणाचं ऐकलं नाही.

ऐकलं नाही ते बरं झालं. वाटेत अर्ध्यावर बाबांची जीभ पुन्हा जड झाली. दवाखान्यात पिंगुळकरबाईंनी लगेच साखरेची बाटली लावली आणि रात्रभर ठेवून घेतलं.

"काका, गोळी घेतलीत, जेवला नाहीत आणि वर दारू," बाबा सावध झाल्यावर त्या म्हणाल्या. "गोळी साखर उतरवते. एरवी उपाशी माणसाला त्याचं यकृत साखर पुरवत राहतं. ते दारू निस्तरत बसलं की साखर कोण देणार? मी विचारलं तेव्हा तर थेंब नाही म्हणालात."

"दारू न्हय ती, डॉक्टरीणबाय," बाबा म्हणाले. "तीर्थ."

"पोटाला ते कळत नाही, काका." बाई रागावल्या नव्हत्या, पण हसल्याही नाहीत. "आणि तुमचीच गोळी अशी आहे असं नाही. झोपेच्या गोळीवर दारू घेतलेला माणूस झोपेतच श्वास घ्यायचा थांबू शकतो. फिटच्या गोळ्या, दुखण्याच्या गोळ्या, कितीतरी आहेत. मुलगी जवळ होती म्हणून निभावलं."

बाई गेल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं.

"कला," ते म्हणाले, "म्हणजे तो इलोच नाय?"

मी नुसती त्यांच्या पायावरची चादर नीट केली.

त्यानंतर आमच्या घराला जे दिवस आले ते मी विसरणार नाही. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, माणसं बसू लागली. नारळ येऊ लागले. शेजारच्या गावच्या घाड्याकडं जाणारे आता आमच्याकडं वळू लागले. कुणाचं काय हरवलं, कुणाचं कुठं अडलं, सगळं बाबांना विचारायचे. बाबा अवसराचं सोंग कधीच आणत नसत. ऐकून घ्यायचे आणि शहाण्या माणसानं द्यावा तसा सल्ला द्यायचे. लोक तोच देवाचा शब्द मानून जायचे. गावानं वर्गणी काढून राखणदाराला कातडी चपला करून घातल्या. सभेत गावकर बाबांना आपल्या शेजारी खुर्ची द्यायचे. बाबांची पाठ ताठ झाली. आई तर आठवडी बाजारात उगाचच सावकाश चालायची, म्हणजे लोकांना तिला हाक मारायला वेळ मिळावा.

मी एकदा म्हटलं, "बाबा, सांगूचा नाय काय तेंका?"

"सांगान काय करू?" बाबा म्हणाले. "इतक्या वर्सांनी माका कोण तरी इचारूक येता, कला."

मी पुन्हा विषय काढला नाही. त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं, तोवर मला ते सुख त्यांच्या हातून काढून घ्यायचं नव्हतं.

पुढची राखण जवळ आली तेव्हा गावकर खळ्यात येऊन बसले. बायको गेल्यापासून त्यांना झोप लागत नसे, त्यासाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, हे आम्हाला ठाऊक होतं.

"विश्राम," ते म्हणाले, "औंदा दुसरी करवंटी मी पण तुझ्याबरोबर घेणार आसंय. राखणदार जागो झालो हा. बघूया माझ्या पण अंगात काय येता काय."

"तुमच्यो झोपेच्यो गोळ्यो चालू आसत ना?" बाबांनी विचारलं.

"मगे? तू तरी गोळी खावनच घेतलंस ना? तुझा काय वाकडा झाला? उलट देव इलो!" गावकर मोठ्यानं हसले. "देवाची दारू औषदाक आडवी येणा नाय. वाडीतले आणखी दोघे-तिघे म्हणतत, आमकाय द्या."

ते गेल्यावर बाबा पायरीवर बसून राहिले. मी म्हटलं, "आत्ताच जावन तेंका सांगा, नायतर मी जातंय."

"त्येका एकट्याक सांगान पुरणा नाय," बाबा म्हणाले. "ह्या खूळ सगळ्या गावात पसारला, आणि माझ्या नावार पसारला. सांगूचा तर राखणीतच सांगूक व्हया, सगळ्यांसमोर."

आई आतून बाहेर आली. तिच्या हाताला पीठ होतं. "आणि मगे परत रिकामो घाडी म्हणतले, ता?"

"म्हणांदेत."

"माझो जल्म गेलो ता आयकण्यात!" आई म्हणाली. "एक वरीस मान वर करून चललंय, ताय बघवना नाय तुमका?"

राखणीच्या दिवसापर्यंत आई त्यांच्याशी जेवणापुरतंच बोलली.

त्या दिवशी गडग्याच्या आत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या दोन गावांतून माणसं आली होती. सगळ्यांना अवसर बघायचा होता. बाबा पाषाणापुढं उभे राहिले. त्यांनी सकाळी गोळी घेतली होती आणि त्यावर पेज जेवले होते, उपास केला नव्हता. हे फक्त आम्हा घरच्यांना माहीत होतं. त्यांच्या शेजारी गावकर करवंटी घेऊन उभे होते, आणि करवंटी भरलेली होती.

बाबांनी गाऱ्हाण्याला सुरुवात केली. गाऱ्हाण्याची रीत अशी की घाड्यानं एकेक मागणं मांडायचं आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्या बाप्यांनी एका आवाजात होकार भरायचा. होकार मिळाला तर ते गावाचं म्हणणं झालं. नाही मिळाला तर ते एकट्या घाड्याचं, आणि त्याला काडीची किंमत नाही.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा तुझ्या पायाकडे गोळा झाली हत, त्येंची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गडगा हादरला.

"गुराढोरांची, शेताभाताची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

बाबा थांबले. त्यांनी श्वास घेतला तो मला गडग्यापलीकडून दिसला.

"म्हाराजा, गेल्या वर्सा ह्या गावान म्हटला, तू माझ्या अंगात इलंस. तू इलं नाय. ता तुका ठावक आसा आणि माका ठावक आसा. माझी साखर उतरली होती, म्हाराजा. औषदाची गोळी आणि ही दारू एका पोटात गेली आणि मी मराक टेकलंय. माझ्या चेडवान गूळ भरवल्यान म्हणान आज तुझ्यासमोर उभो आसंय. वरीसभर मी ह्या गावाचो मान खाल्लंय, तो माझो नव्हतो. तो आज तुझ्या पायार ठेवतंय रे म्हाराजा!"

कुणी होकार भरला नाही. फणसावरचा कावळा ओरडला तेवढाच आवाज. माणसं एकमेकांकडं बघत होती. मागून कुणी तरी हळूच म्हणालं, "रिकामोच तो," आणि कुणी तरी फिसकन हसलं.

बाबांनी आवाज आणखी चढवला. "ज्येंका ज्येंका औषदाच्यो गोळ्यो चालू आसत, साखरेच्यो, झोपेच्यो, फिटीच्यो, त्येंच्या तोंडात ही करवंटी जाव नये. त्येंची करवंटी मी तुझ्या पायार ओततंय. ती त्येंनी घेतल्यासारखी मानून घे, आणि त्येंका जगव रे म्हाराजा!"

पुन्हा होकार आला नाही. होकार भरायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

आई होती. गडग्यावर दोन्ही हात टेकून, डोक्यावरचा पदर घसरलेला, ती सगळ्या बाप्यांकडं रागानं बघत होती. बाईनं गाऱ्हाण्याला होकार भरल्याचं त्या गावात तोवर कुणी ऐकलेलं नव्हतं. मी तिच्या आवाजात आवाज मिळवला. मग आमच्या मागच्या बायकांनी मिळवला. गडग्याच्या आत पुरुष खाली माना घालून उभे राहिले, आणि सगळ्यांचे डोळे हळूहळू गावकरांकडं वळले.

गावकरांनी हातातल्या करवंटीकडं पाहिलं. मग बाबांकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी राग होता. तो कधी गेला ते मला कळलं नाही.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले आणि करवंटी पाषाणावर उपडी केली.

मग मात्र होकार असा उठला की फणसावरचा कावळा उडून गेला. गर्दीतून एक म्हातारा पुढं आला आणि त्यानं आपली करवंटी ओतली. मागोमाग आणखी काही जण आले. बाबांनी दुसरी करवंटी शहाळ्याच्या पाण्यानं भरली आणि पाषाणासमोर, एका दमात, रिवाजाप्रमाणं रिकामी केली.

खळ्यातली माणसं त्यानंतर हळूहळू कमी झाली. कौल घ्यायला लोक पुन्हा शेजारच्या गावी जाऊ लागले. जुनं नावही परत आलं. गावकर मात्र पुढं पुष्कळ वर्षं जगले आणि दर राखणीला आपली करवंटी ओतत राहिले. आजही तिथं घाडी शहाळ्याचं पाणीच पितो.

बाबा गेले ते म्हातारपणानं, आपल्या अंथरुणात. मी लग्न होऊन नदीपलीकडच्या गावात आले. गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाला एक म्हातारी माझ्याकडं निरखून बघत होती. शेवटी तिनं विचारलंच, "तू विश्राम घाड्याचा चेडू ना गो? तुझ्या आज्याचो अवसर मी बघलेलो. तुझ्या बापाशीच्या पण अंगात येय काय?"

बसलेल्या सगळ्या बायका माझ्याकडं बघू लागल्या.

"नाय," मी मान ताठ करून सांगितलं. "एकदा पण नाय."